व्यंकटरावांनी छापलेले पाच नट

परभणी जिल्ह्यात सुग्रीव अंभुरेला लोक ओळखत होते ते एका थपडेमुळे.

तोवर त्याला मुंबईत नऊ वर्षं झाली होती. १९७८ साली तो जिंतूरच्या एका शाळेत तात्पुरता मास्तर होता आणि परभणीत हौशी नाटक बसवत होता. नामांतराच्या दंगलीत शहरात संचारबंदी लागली, तालमीच्या हॉलला कुलूप पडलं, आणि कुलूप निघेपर्यंत थांबण्याऐवजी त्याने मुंबईची गाडी पकडली. मुंबईत तो रंगभूमीवर कारकून झाला, सेनापती झाला, एका नाटकात पहिल्या अंकात बाप आणि तिसऱ्या अंकात त्याच बापाचा मुलगा झाला. बहुतेक वेळा कुणाच्या तरी बदली. मुख्य नट आजारी पडला की निर्माते सुग्रीवला बोलावत, कारण त्याला काहीही जमायचं. नट बरा झाला की त्याचे आभार मानत. मुंबई दूरदर्शनच्या मराठी मालिकांत त्याने न्हावी, प्राध्यापक, गिरणी कामगार आणि आंधळा कीर्तनकार केला. वर्तमानपत्रं त्याला ‘अष्टपैलू’ म्हणू लागली.

यातलं काहीही परभणीत दिसलं नाही. परभणीच्या टीव्ही मनोऱ्यावरून त्या वेळी दिल्लीचे कार्यक्रम यायचे. मुंबईचे मराठी कार्यक्रम इथल्या अँटेनाला लागत नसत. त्याच्या गावच्या, बोरीच्या लोकांनी आपल्या पोरासाठी अँटेनाचा बांबू दोनदा उंच केला, तरी पडद्यावर मुंग्यांपलीकडे काही आलं नाही.

मग एका रविवारी सकाळी दिल्लीच्या एका हिंदी मालिकेत सुग्रीव दिसला. तो नोकर होता. चहाचा ट्रे घेऊन आला, कप सांडला, साहेबाने त्याच्या कानाखाली वाजवली, आणि तो ट्रे उचलून निघून गेला. संवाद एकही नव्हता. आजारी पडलेल्या दुसऱ्या एका नटाच्या जागी अर्ध्या दिवसासाठी केलेलं काम. ते अख्ख्या जिल्ह्याने पाहिलं.

सुग्रीवचे वडील किशनराव ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर पहिल्या रांगेत बसले होते. ते उठले आणि घरी गेले. पुढच्या खेपेला सुग्रीव गावी आला तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, “साऱ्या देशासमोर तुला मुस्काटात हाणली. आन तू उलटून हाणली न्हाईस.”

“बाबा, तसं लिहिलेलं होतं.”

“लिहिणाऱ्याला आपल्या घरचं मालूम न्हाई. तुला तर हाय?”

१९८८ च्या उन्हाळ्यात सुग्रीवला पहिल्यांदा त्याची स्वतःची भूमिका मिळाली. खरं तर पाच भूमिका. ‘विहिरीचा जबाब’ या नाटकात गावच्या विहिरीत एक प्रेत सापडतं आणि त्यावर कोर्टात पाच साक्षी होतात: पाटील, गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर, एक म्हातारी विधवा, जमादार आणि एक गुराखी. पाचही जण सुग्रीव. वकील एक भाषण करी, तेवढ्यात तो विंगेमागे जाऊन दुसरा माणूस होऊन येई. उंची बदले, आवाज बदले, चालताना कुठला पाय आधी पडतो तेही बदले. शेवटच्या प्रवेशात गुराख्याच्या तोंडून एकेक करून बाकी चौघांचे आवाज निघू लागत. मुंबईत जाहिरातीत ‘पाच भूमिकांत सुग्रीव अंभुरे’ असं स्पष्ट छापलेलं असे. तरी प्रेक्षक तिसऱ्या साक्षीपर्यंत ते विसरत आणि शेवटच्या प्रवेशात त्यांना ते दचकून आठवे. सगळं नाटक त्या दचकण्यासाठी लिहिलं होतं.

निर्मात्यांनी मराठवाड्याचा दौरा आखला. पहिला प्रयोग परभणीत, मग नांदेड, लातूर, औरंगाबाद. सोबत त्यांनी आपला मॅनेजर पाठवला आणि निघताना सुग्रीवला सांगितलं, की सिनेमातल्या एका मोठ्या नटाने ही भूमिका मागितली आहे. परभणी नीट पार पडली तर भूमिका तुमच्याकडे राहील. तुमच्याच जिल्ह्यात गोंधळ झाला, तर दुसरीकडे तुमच्या नावावर तिकिटं कशी विकायची, हे तुम्हीच सांगा. सुग्रीवने पाचही सोंगांची पेटी बांधली.

परभणीचे कंत्राटदार होते व्यंकटराव. त्यांनी आजवर कव्वाली, कुस्ती, जादूचे प्रयोग आणि एक सर्कस आणली होती. नाटक पहिलंच. स्टेशनजवळच्या टॉकीजचा दुपारचा खेळ त्यांनी भाड्याने घेतला होता, म्हणजे खेड्यांतली माणसं दिवसाउजेडी घरी परततील.

सुग्रीव सकाळी टॉकीजवर पोचला तेव्हा दारावर त्याला रंगीत फलक दिसला. वर ‘विहिरीचा जबाब’. खाली ‘मुंबईचे पाच नामवंत कलाकार’. त्याखाली चार नावं, जी त्याने आयुष्यात ऐकली नव्हती. आणि सगळ्यात खाली, त्या चहाच्या ट्रेसह त्याचं चित्र: ‘टीव्हीवर गाजलेले बोरीचे सुपुत्र सुग्रीव अंभुरे’.

“व्यंकटराव, हे चौघे कोण?”

“साक्षीदार.”

“साक्षीदार मी आहे. पाचही.”

“ते मालूम हाय मला.” व्यंकटरावांनी पानाचा तोबरा गालात सरकवला. “सुग्रीवराव, बुरा मानू नका. एकच माणूस पाच कामं करतो असं छापलं असतं, तर लोक म्हणले असते, व्यंकटरावानं कंजुषी केली. चार नट वाचविले. माझी इज्जत हाय का न्हाई परभणीत?”

“मग लोक मला कुठला समजणार?”

“तुमाला तर सारेच वळखतेत की.”

“पण मी त्या चेहऱ्याने एकदाही येत नाही! शेवटपर्यंत येत नाही!”

“अस्सं?” व्यंकटरावांनी फलकाकडे पाहिलं. “हे तुमी आधी सांगायला पायजे होतं.”

सुग्रीवने हे पत्राने दोनदा आणि फोनवर एकदा सांगितलं होतं. फलक बदलायला रंगारी शोधला, तर तो सेलूला लग्नाला गेला होता. प्रयोगाआधी माइकवरून खुलासा करू, असं व्यंकटरावांनी कबूल केलं. प्रत्यक्षात त्यांनी माइकवरून टॉकीजच्या मालकाचे, पाणी पुरवणाऱ्या हॉटेलवाल्याचे आणि फौजदारसाहेबांचे आभार मानले आणि माइक बंद केला.

बोरीची माणसं दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून आली होती. ऊसतोडीला गेलेली घरं नुकतीच परतली होती, त्यामुळे कुणी मागे राहिलं नव्हतं. सरपंच आप्पाराव पुढच्या खुर्चीत फेटा, शाल आणि नारळ असा आहेर ताटात घेऊन बसले होते. गावाकडच्या नाटकात आपला माणूस मंचावर आला की खेळ थांबवून त्याला आहेर करायचा, अशी रीत. ती मोडायची नाही, असं गावाने बैठकीत ठरवलं होतं. सुग्रीव आला की आप्पारावांनी उठायचं. त्यांच्या एका बाजूला किशनराव, दुसऱ्या बाजूला सुग्रीवची आत्या धुरपताबाई.

टॉकीजच्या पत्र्याखाली हवा हलत नव्हती. पडदा वर गेला. पाटील आला, साक्ष देऊन गेला. आप्पाराव ताटावरचा रुमाल काढून बसले होते. त्यांनी तो परत घातला.

“ह्यो न्हाई,” ते म्हणाले.

कंपाउंडर आला. तोतरा, खांदे पडलेला, सारखा चष्मा पुसणारा. लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, “थोबाडीतवाला कधी येतो?”

“येईल, येईल. दम धरा,” आप्पारावांनी मागे वळून सांगितलं. “मोठा माणूस आखरीला येतो.”

तिसऱ्या साक्षीला विधवा आली. पिंजऱ्यात उभी राहून तिने विहिरीवर रात्री काय ऐकलं ते सांगितलं. धुरपताबाईंनी पदर तोंडाला लावला.

“ही बाई लय गुणाची हाय. कशी रडायलीय बघा. कोण म्हणायची?”

“असंल मुंबईची,” किशनराव म्हणाले. “पर आपला कुठं हाय? का आजारी पडला?”

हे शेवटचं वाक्य मागच्या रांगेने ऐकलं आणि मध्यंतराचे दिवे लागेपर्यंत ते टॉकीजभर पोचलं: सुग्रीव आलाच नाही. व्यंकटरावांनी त्याचं चित्र लावून तिकिटं खपवली. पहिल्यांदा “सुग्रीव, सुग्रीव” असा पुकारा झाला, मग “पैसे वापस”, मग लोकांनी खुर्च्यांच्या पाठी बडवायला सुरुवात केली.

रंगपटात सुग्रीव विधवेच्या लुगड्यात, पांढरा टोप घालून पाणी पीत होता. घामाने गालावरच्या सुरकुत्या हनुवटीकडे निघाल्या होत्या. दार ढकलून आप्पाराव ताटासकट आत आले. मागे किशनराव आणि धुरपताबाई.

“बाई, जरा सरकून घ्या,” आप्पाराव त्याला म्हणाले. “आमचा सुग्रीव कुठं बसतो?”

“आप्पा, मीच सुग्रीव.”

आवाज ऐकून आप्पारावांच्या ताटातला नारळ गडगडला. सुग्रीवने टोप काढला. धुरपताबाई पुढे झाल्या, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याच्या दंडावर जोरात चापट मारली.

“मुडद्या! मला रडविलंस!”

“म्हंजे ही बाई तू व्हतास,” आप्पाराव म्हणाले. “मग तो पाटील कोण?”

“मीच.”

“आन चष्मेवाला?”

“तो पण मीच. पुढचा जमादार मी आणि गुराखीसुद्धा मीच. फलकावरचे चौघे जगात नाहीत.”

“पाटील तू नव्हतास,” किशनराव म्हणाले.

“बाबा, मीच होतो.”

“मी पुढं बसलोय. पाटील तुझ्याहून हातभर उंच व्हता.”

सुग्रीवने कोपऱ्यातले पाटलाचे जोडे उचलून आतल्या जाड टाचा दाखवल्या. किशनरावांनी जोडा हातात घेतला, फिरवून पाहिला, खाली ठेवला.

“जोडा उंच हाय, हे खरं,” ते म्हणाले. “पर पाटील तू नव्हतास.”

मॅनेजर आत आला. त्याच्या सदऱ्याची पाठ भिजून चिकटली होती. “अंभुरे, बाहेर दोन खुर्च्या मोडल्या. पुढचा अंक उभा राहिला नाही तर मला मुंबईला ट्रंक कॉल करावा लागेल. काय झालं ते मी आहे तसं सांगणार, तुम्हाला माहीत आहे.”

“आमी सांगतो लोकास्नी,” आप्पाराव म्हणाले आणि बाहेर जाऊन त्यांनी माइक घेतला. पाचही साक्षीदार आपला सुग्रीवच हाय, असं त्यांनी स्पष्ट, खणखणीत आवाजात सांगितलं. कुणीतरी विचारलं, “आप्पा, तुमचा हिस्सा किती?” आणि सगळे हसले. आप्पाराव लाल होऊन परत आले. गेल्या दोन निवडणुकांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं.

मॅनेजरच्या मागोमाग आलेल्या व्यंकटरावांनी आता तोंड उघडलं. “सुग्रीवराव, माझं ऐका. सोंग उतरवा, पँट-शर्ट घाला, ट्रे घेऊन जा. वकीलसाहेबांनी एक ठेवून द्यायची. लोकांनी जे बघायला पैसे दिले ते त्यांना मिळतंय. मग तुमी काय नाटक करायचं ते करा.”

“मला चालेल,” वकिलाचं काम करणारा नट म्हणाला. तो मुंबईपासून सुग्रीववर थोडा नाराजच होता.

“हाणून तर बघ,” किशनराव त्याला म्हणाले.

“या नाटकात ट्रे नाही, थप्पड नाही, नोकर नाही!” सुग्रीव ओरडला. त्याचा आवाज अजून अर्धा म्हातारीचा होता आणि त्यामुळे धुरपताबाईंना हसू आलं. “दहा वर्षांनी एक भूमिका मिळाली. ती का बघत नाहीत? मी पाटील होतो तर म्हणतात पाटील वेगळा. बाई होतो तर म्हणतात बाई मुंबईची. वाईट केलं असतं तर ओळखलं असतं!”

बाहेर खुर्च्यांचा आवाज वाढला. मॅनेजरने घड्याळाकडे न बघता दाराकडे पाहिलं, फोन टॉकीजच्या ऑफिसात होता.

सुग्रीवने टोप पुन्हा डोक्यावर चढवला. मग आरसा उचलून वकिलाच्या हातात दिला, रंगाचा डबा आप्पारावांच्या ताटात ठेवला आणि स्वतः मेजाचं एक टोक धरलं. “व्यंकटराव, दुसरं टोक धरा.”

“कुठं न्यायचं?”

“मंचावर.”

“हे नाटकात नाही,” मॅनेजर म्हणाला.

“थप्पडही नव्हती,” सुग्रीव म्हणाला.

पडदा वर गेला तेव्हा कोर्टाच्या मधोमध मेज होतं आणि मेजासमोर विधवा बसलेली. लोक ओरडत होते. तिने टोप काढून मेजावर ठेवला. आरडाओरडा थोडा उतरला. तिने तेलाचं बोट गालावरून फिरवलं, फडक्याने पुसलं, आणि पांढऱ्या सुरकुत्यांखालून तो चेहरा निघाला जो फलकावर ट्रे घेऊन उभा होता.

टॉकीज उठून उभं राहिलं. शिट्ट्या झाल्या. आप्पाराव ताट घेऊन धावले, खेळ थांबला, शाल चढली, नारळ हातात आला, फेटा बांधून झाला. रीतीप्रमाणे सगळं झालं. मग सुग्रीवने फेटा उतरवला, मिशा लावल्या, खाकी सदरा चढवला, मान जरा आत ओढली आणि जमादार उभा राहिला. टाळ्या थांबेनात.

वकिलाने जमादाराला पहिला प्रश्न विचारला: “विहिरीचं पाणी त्या दिवशी कुठवर होतं?”

“पुन्हा बाई व्हा!” गॅलरीतून आवाज आला.

“पाटील करा, पाटील! टाचा दाखवा!”

सुग्रीवने जमादाराचं उत्तर दिलं. कुणी ऐकलं नाही. पुकारा वाढला, विंगेतून मॅनेजर दोन्ही हातांनी ‘करा, करा’ अशा खुणा करत होता. सुग्रीव मेजाशी गेला. पाटील झाला. कंपाउंडर झाला. बाई झाला आणि धुरपताबाईंनी आजूबाजूच्यांना सांगितलं, “मला ठाऊकच व्हतं.” प्रत्येक वेळी रंग चढताना लोक श्वास रोखून बघत, आणि माणूस पुरा तयार होऊन बोलू लागला की आपसात बोलायला लागत. वकील हातात कागद घेऊन एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला. विहिरीतल्या प्रेताचं काय झालं, हे त्या दुपारी परभणीत कुणी विचारलं नाही.

शेवटच्या प्रवेशात गुराख्याच्या तोंडून पाटलाचा आवाज निघाला, कंपाउंडरचा निघाला, बाईचा, जमादाराचा. मुंबईत इथे टाचणी पडली तरी ऐकू येई. इथे एक माणूस शेजाऱ्याला म्हणाला, “हां, तेच की. त्योच तर हाय समदे,” आणि पायाने चप्पल शोधू लागला.

पडदा पडल्यावर शहरातली काही मंडळी व्यंकटरावांना दारात अडवून उभी राहिली. पाच नट छापून एकच आणला, चौघांचे पैसे खाल्ले, असं त्यांचं म्हणणं होतं. व्यंकटराव जराही गडबडले नाहीत. ते माइकपाशी गेले आणि म्हणाले, “बंधू-भगिनींनो, आपले चार नामवंत कलाकार उन्हामुळं गाडीतच आजारी पडले. तरी आपल्या बोरीच्या सुग्रीवरावांनी ऐन वेळी एकट्यानं खेळ निभावून नेला. जोरदार टाळ्या!”

टाळ्या सगळ्यात जोरात तेव्हा पडल्या.

सुग्रीव तोंड पुसत बाहेर धावला तोवर किशनराव ट्रॉलीत चढून बसले होते. चेहऱ्यावर त्याने कधी न पाहिलेलं समाधान होतं.

“बाबा, व्यंकटराव खोटं बोलतात. चौघे नव्हतेच.”

“असू दे. आजारी माणसाला नावं ठिवू नये.” त्यांनी ट्रॉलीतून वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “चौघं पडले आन माझ्या पोरानं एकट्यानं वढलं. आता टीव्हीवर कुणी हात लावून दाखवावा तुला.”

“बाबा, ऐका तरी. पाटील...”

“पाटलाचं काम तू दुसऱ्यांदा केलंस ते लय चांगलं झालं,” किशनराव म्हणाले. “पयल्या माणसापेक्षा चांगलं.”

ट्रॅक्टर सुरू झाले. पुढचं ऐकू आलं नाही.

मॅनेजर ऑफिसातून बाहेर आला तेव्हा हसत होता. मुंबईशी बोलणं झालं होतं. गोंधळ झाला नव्हता, उलट नांदेडच्या कंत्राटदाराने आत्ताच फोन करून दुसऱ्या प्रयोगाची तारीख मागितली होती. भूमिका सुग्रीवकडे राहणार होती. पुढे पुण्यातसुद्धा. फक्त एक बदल होता. विंगेमागे जाणं बंद. मेज पहिल्या अंकापासून मंचावर.

“मग शेवटचा प्रवेश मेला,” सुग्रीव म्हणाला. “सगळं आधी दाखवल्यावर त्यात उरतं काय? मी नट आहे, दारोदार फिरणारा बहुरूपी नाही.”

“शेवटच्या प्रवेशाबद्दल मला आज कुणी बोललं नाही. मेजाबद्दल सगळे बोलले.”

“लेखकाला विचारलं?”

“ते निर्माते विचारतील. तुम्ही हो म्हणा, नाहीतर विंगेमागे बदलायला ते सिनेमातले मोठे नट तयारच आहेत. त्यांना ओळखायची अडचण नाही, ते कुठल्याही सोंगात तसेच दिसतात.”

सुग्रीव मंचावर परत गेला. मेज अजून कोर्टाच्या मधोमध होतं. संध्याकाळच्या सिनेमाची माणसं आत यायला लागली होती आणि टॉकीजचा नोकर ते हटवायला घाई करत होता. सुग्रीवने आरसा फडक्यात गुंडाळला, रंगाचे डबे बंद केले आणि मंचाच्या कडेपासून मेजापर्यंतची पावलं मोजून आकडा मेजाच्या पायावर खडूने लिहिला, म्हणजे उद्या नांदेडच्या मंचावर ते उजेडात नेमकं कुठे मांडायचं ते शोधावं लागणार नाही.

“मेजाला चाकं लावून घ्या,” तो मॅनेजरला म्हणाला. “दर वेळी धरायला व्यंकटराव नसतील.”

नांदेडला टॉकीज भरलं. लोकांनी बाईला तीनदा परत बोलावलं. शेवटच्या प्रवेशात गुराख्याच्या तोंडून पाटलाचा आवाज निघाला तेव्हा मागच्या रांगा उठत होत्या, कंपाउंडरचा निघाला तेव्हा बाजूची दारं उघडली. सुग्रीवने एकही वाक्य गाळलं नाही. रिकाम्या होत जाणाऱ्या खुर्च्यांसमोर त्याने चौघांचे जबाब लिहिल्याप्रमाणे पूर्ण केले, आणि मग पडदा टाकायची खूण केली.